गुब्बियोचा लांडगा आणि शेजारचे गाव

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. संध्याकाळची मिस्सा आटोपून मी देवळाच्या मागच्या दाराने बाहेर पडत होतो. आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ ओली छत्री मिटवून वळचणीला उभे होते. "फादर, एक प्रश्न विचारायचा आहे," ते म्हणाले. "तसा पापनिवेदनाचा नाही, पण टोचतो मात्र तिथेच."

प्रश्न कुत्र्याचा होता.

पती-पत्नी दोघेही सकाळची लोकल पकडून मुंबईला कामाला जाणारे. घरी नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली आजी. मुलाच्या हट्टापायी त्यांनी प्राण्यांच्या एका निवारा केंद्रातून तांबूस रंगाचा, अडीच-तीन वर्षांचा कुत्रा घरी आणला होता. मुलाने त्याचे नाव रॉकी ठेवले. नाव कुठल्याशा चित्रपटातून आले असणार. मला मात्र प्लेगने ग्रासून रानात पडलेल्या संत रोकला रोज भाकरी आणून देणाऱ्या कुत्र्याची आठवण झाली आणि नाव आवडले.

हा रॉकी भित्रा होता. आल्या दिवसापासून तो पलंगाखाली शिरून बसे. कोणी केरसुणी उचलली की अंग चोरून घेई. जेवताना कोणी जवळून गेले तर खाणे थांबवून ताटलीवर मान धरून ताठ उभा राही. घरच्यांना वाटले, होईल सवय. तिसऱ्या महिन्यात एका रात्री आजींच्या हातातील रोझरी पलंगाखाली पडली. ती घेण्यासाठी त्यांनी वाकून हात आत घातला आणि रॉकीने तो हात धरला. मनगटाजवळ दात खोल रुतले. सुनेने तत्काळ जखम साबण लावून नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटे धुतली आणि रात्रीच इस्पितळ गाठले. (आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात अजूनही पोटातील चौदा सुयांची धास्ती आहे. ते दिवस गेले. आता दंडात चार-पाच वेळा लस टोचतात आणि जखम खोल असेल तर जखमेतच आणखी एक औषध देतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा हाती लागत नाही. म्हणून हळद किंवा चुना भरीत न बसता आधी साबण आणि पाणी घ्यावे व मग थेट डॉक्टरांकडे जावे.) आजींनी कुत्र्याला बोल लावला नाही. "मीच त्याच्या अंगावर गेले, त्याला काय कळणार?" एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गृहस्थांनी निवारा केंद्राला दूरध्वनी केला. पलीकडून उत्तर आले: होय, आधीच्या घरीही दोनदा असे झाले होते, म्हणून तर तो परत आला, पण तुम्हांला हे सांगितले असते तर तुम्ही त्याला नेलाच नसता, आणि मग त्याचे काय झाले असते?

आता गृहस्थांच्या पत्नीचे एक चुलतभाऊ वाड्याकडे शेतावर राहतात. त्यांना राखणीला कुत्रा हवा होता. घरात दोन लहान नाती. "तिथे मोकळ्या हवेत तो सुधारेल, फादर. पण चावल्याचे सांगितले तर ते घेणार नाहीत. सांगायलाच हवे का?"

मला पुढच्या सभेला उशीर होत होता. मी म्हणालो, "शेतावर जागा मोकळी असते. रमेलही तिथे." प्रश्नाला मी उत्तर दिले नव्हते, परंतु त्यांना हवे ते उत्तर त्यातून मिळाले आणि हलक्या पावलांनी ते पावसात निघून गेले.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला मारका बैल आठवला. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मोशेच्या नियमशास्त्राने एक खटला मांडला आहे. बैलाने शिंग मारले आणि माणूस दगावला, तर बैलाला धोंडमार करावी. परंतु धनी निर्दोष. मात्र तो बैल पूर्वीपासून मारका असेल, धन्याला तसे बजावलेले असेल आणि तरीही त्याने बैलाला आवरले नसेल, तर धनीही मृत्युदंडास पात्र. बैलाची करणी दोन्ही वेळा एकच आहे. धन्याचा अपराध मात्र त्याला ठाऊक असण्याने ठरतो. सेमिनरीत असताना हा अध्याय आम्ही भराभर उलटीत असू. मारक्या बैलाशी आपला काय संबंध, असे वाटे.

मग संत थॉमस अक्विनस आठवले. 'सुम्मा'च्या दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या खंडात, सत्त्याहत्तराव्या प्रश्नात, त्यांनी विक्रेत्याचा विचार केला आहे. मालातील दोष सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे काय? घोडा एका डोळ्याने अधू असेल तर ते गिऱ्हाइकाला दिसतेच; विक्रेता गप्प बसला तरी चालेल, फक्त त्याने किंमत रास्त घ्यावी. परंतु दोष लपलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्याला हानी किंवा धोका पोहोचणार असेल, तर तो सांगणे कर्तव्य आहे. लंगडा घोडा चपळ म्हणून किंवा पडायला आलेले घर भक्कम म्हणून विकणे हे कपटच. रॉकीचे दात सर्वांना दिसत होते. त्याचा इतिहास कोणालाच दिसत नव्हता. विक्री नव्हती, फुकट द्यायचे होते, ही सबब येथे लागू पडत नाही. विहिरीत पडणाऱ्याला विहीर फुकट मिळाली म्हणून तो कोरडा राहत नाही.

ही झाली शास्त्राची बाजू. परंतु गृहस्थांची बाजू मी हलक्याने घेऊ इच्छीत नाही, कारण तिच्यामागे एक जीव होता. आपली मराठी माती या बाबतीत फार कोवळी आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणीच ऐकलेले असतात. कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात जायला नकार देणारा धर्मराज आपल्याला ठाऊक असतो. आपल्या पवित्र ग्रंथातही टोबियासच्या प्रवासात देवदूताबरोबर एक कुत्रा चालतो. त्याचे तेथे काहीच काम नाही, तरी ग्रंथकाराने त्याला वगळलेले नाही. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात नीतिमान माणसाची ओळख सांगताना तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असा निर्वाळा दिला आहे. मग खरे बोलण्याने जर रॉकी मरणार असेल आणि गप्प राहण्याने जगणार असेल, तर गप्प राहणे ही दयाच नव्हे काय?

या प्रश्नाशी मी बराच झगडलो. शेवटी मला दिसले ते असे की, ही दया दुसऱ्याच्या खिशातून केलेली आहे. मी जाणूनबुजून चावऱ्या कुत्र्याला जवळ केले, तर माझा हात मी धोक्यात घातला. तो माझा आहे, मला घालता येतो. वाड्याच्या त्या दोन मुलींचे गाल माझे नव्हेत. मूल कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीवर असते आणि कुत्रा मान फिरवून 'नको' म्हणतो तेव्हा ते त्याला समजत नाही. त्यांच्या आजोबांनी सारे ऐकून, मुलींना दूर ठेवून, कुत्रा स्वीकारला असता तर गोष्ट वेगळी होती. पण ती निवड आपण त्यांच्या हातून काढून घेणार होतो. निवारा केंद्राने गृहस्थांशी हेच केले होते, आणि केले होते तेही कुत्र्यावरील प्रेमापोटीच. त्या प्रेमाची किंमत रोझरी शोधणाऱ्या एका म्हातारीने भरली.

लग्ने जुळवताना आपल्याकडे काय चालते ते सर्वांना माहीत आहे. मुलाचे पिणे, मुलीचे दुखणे सोयरिकीच्या बैठकीत कोणी काढीत नाही. 'लग्न झाले की सुधारेल' हे वाक्य मी या तीस वर्षांत इतक्यांदा ऐकले आहे की 'शेतावर सुधारेल' हे ऐकताच मी सावध व्हायला हवे होते. ख्रिस्तसभेच्या कायद्यात, १०९८ व्या कलमात, संमती मिळविण्यासाठी केलेल्या अशा गंभीर फसवणुकीने विवाह अवैध ठरतो, असे स्पष्ट म्हटले आहे. कुत्र्याला कायदा लागू नाही. फसवणूक मात्र त्याच जातीची.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगण्याचे या लेखाच्या आरंभी माझ्या मनात नव्हते. तरुणपणी एका वसतिगृहाचा कारभार माझ्याकडे होता. तेथे एक देखरेख करणारे गृहस्थ मुलांना बेदम मारीत. तक्रारी आल्या. गाजावाजा नको म्हणून मी त्यांना राजीनामा द्यायला सांगितले आणि निरोप देताना चांगल्या वर्तणुकीचा दाखला लिहून दिला. कुटुंबवत्सल माणूस, लहान मुले पदरी. दाखला दिला नाही तर उपाशी मरतील, असे मी स्वतःला सांगितले. त्या दाखल्यावर त्यांना दुसऱ्या गावी, मुलांच्याच दुसऱ्या वसतिगृहात नोकरी लागली. पुढे तेथे काय घडले याची मी चौकशी केली नाही. अनेक देशांत ख्रिस्तसभेने आपल्या अपराधी धर्मगुरूंना न सांगता-सवरता एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलविले, तो इतिहास बाहेर आला तेव्हा वाचताना माझे डोळे खाली गेले. माणूस आणि कुत्रा यांची तुलना मी करीत नाही. माणूस जाणून करतो, कुत्रा नाही. पण पाठवणारे हात सारखेच असतात, आणि न विचारता घेणारे अंगणही.

असिसीकर संत फ्रान्सिस आणि गुब्बियोचा लांडगा ही कथा आपल्याकडे धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगतात. माणसे खाणारा लांडगा फ्रान्सिसच्या शब्दाने शांत होतो आणि आपला पंजा त्याच्या हातात देतो, येथे आपण थांबतो. कथा मात्र पुढे जाते. फ्रान्सिस त्याला नगराच्या चौकात, सर्व लोकांसमोर घेऊन येतो. लांडग्याने काय केले हे प्रत्येकाला ठाऊक आहे. तेथे उघड करार होतो: लांडगा कोणाला इजा करणार नाही, आणि नगर त्याला रोज खाऊ घालील, कारण त्याचे क्रौर्य भुकेतून आले होते. दोन वर्षे तो त्याच गल्ल्यांतून दारोदार हिंडतो आणि मरतो तेव्हा लोक हळहळतात. एक गोष्ट या कथेत घडत नाही, आणि ती माझ्या ध्यानात इतक्या वर्षांनी आली. फ्रान्सिस त्या लांडग्याला पाळीव कुत्रा म्हणून शेजारच्या गावी पाठवीत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. काल चुकीचे बोललो, असे सांगितले. गृहस्थ रागावले, आणि त्यांना रागावण्याचा अधिकार होता. "मग तुम्हीच सांगा, फादर. इंजेक्शन देऊन मारू का त्याला?" मुलगा दाराआडून ऐकत होता.

प्रथम मी एवढेच म्हणालो की रॉकीने पाप केलेले नाही. पापाला जाणीव लागते, संमती लागते. अक्विनस जनावरांना अपुरी, अंधुक इच्छा मान्य करतात; तेवढ्याने कोणी पापी होत नाही. म्हणून त्याला शिक्षा करणेही व्यर्थ आणि त्याला 'माफ केले' म्हणणेही व्यर्थ. माफी मिळाली की माणूस पुन्हा विश्वासाला पात्र होण्याची धडपड करतो. कुत्र्याला आपण धडपड करायला सांगू शकत नाही. जे करायचे ते आपण. मारणे हा मार्ग ख्रिस्तसभा सरसकट निषिद्ध मानीत नाही. तिच्या धर्मशिकवणीत जनावरांना विनाकारण वेदना देणे किंवा मारणे माणसाला अशोभनीय म्हटले आहे, आणि माणसांच्या दुःखनिवारणासाठी लागणारा पैसा जनावरांवर उधळणेही गैर म्हटले आहे. धोका खरा असेल आणि दुसरी वाट उरली नसेल, तर पशुवैद्याच्या हातून, वेदनेवाचून, आणि धन्याने शेजारी बसून, ते व्हावे. पण वाट उरलेली नाही हे आधी पाहावे लागते.

मग मी त्यांना अमेरिकेतील एक खटला सांगितला. २००७ साली तेथील फुटबॉलचा नामांकित खेळाडू मायकल विक याच्या व्हर्जिनियातील मालमत्तेवर छापा पडला. झुंजीसाठी पोसलेली सुमारे पन्नास पिटबुल कुत्री सापडली. अशा कुत्र्यांना तोपर्यंत पुराव्याचे सामान समजून खटल्यानंतर मारून टाकीत. या वेळीही काही मोठ्या प्राणिरक्षक संस्थांनी त्यांना मारावे असेच म्हटले होते. न्यायालयाने मात्र कायद्याच्या प्राध्यापिका रिबेका हस यांना कुत्र्यांच्या पालक म्हणून नेमले. प्रत्येक कुत्र्याची वेगळी परीक्षा झाली. तपासलेल्या ४९ पैकी केवळ एकाला आक्रमकतेमुळे मारावे लागले. त्यांच्या पालनपोषणासाठी विकला ९ लाख २८ हजार डॉलर भरावे लागले. पुष्कळ कुत्री पुढे घरोघर गेली, त्यांचा इतिहास नेणाऱ्यांना पूर्ण ठाऊक असताना. सर्वांत अवघड अशी २२ कुत्री युटा राज्यातील कनॅब येथील 'बेस्ट फ्रेंड्स'च्या आश्रमात पाठवली. त्यांपैकी ल्यूकस आणि मेरिल या दोघांना आश्रमाबाहेर कधीच देऊ नये, असा न्यायालयाचा हुकूम होता. मेरिलचा परक्या माणसांवर भरवसा नव्हता. ल्यूकस झुंजीतला विजेता. दोघांचीही हयात तेथेच, सांभाळणाऱ्यांच्या मायेत गेली. आपल्या वसईत ना तसा आश्रम, ना कोणाकडे तसा पैसा, हे मला कळते. मी सांगत होतो ते एवढ्यासाठी की, 'सर्व कुत्री सुधारतात' आणि 'चावरे ते चावरेच' ही दोन्ही वाक्ये त्या परीक्षेत टिकली नाहीत. एकेकाला पाहावे लागले.

त्या कुटुंबाने पाहायचे ठरवले. पशुवैद्याने तपासले तेव्हा रॉकीचा एक कान आतून सडलेला निघाला; तो केव्हापासून ठणकत होता कोण जाणे. मग कुत्र्यांचे वर्तन जाणणाऱ्या एक बाई येऊ लागल्या. मी दोन-चारदा मुद्दाम जाऊन बसलो. पहिला नियम त्यांनी असा घातला की गुरगुरला तर ओरडायचे नाही. गुरगुरणे ही त्याची घंटा आहे. ती वाजवल्याबद्दल मार मिळाला तर तो घंटा वाजवायचे सोडील, चावायचे सोडणार नाही. गुरगुरण्याच्याही आधी तो मान वळवतो, ओठ चाटतो, झोप आली नसता जांभई देतो, डोळ्याचा पांढरा भाग दाखवतो. हे सारे मुलाने वहीत लिहून घेतले. पलंगाखालची जागा बंद झाली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडद्याआड त्याला एक कोनाडा मिळाला, तेथे तो असताना कोणी जायचे नाही. जेवताना लांबूनच कोणीतरी जाई आणि त्याच्याकडे उकडलेल्या कोंबडीचा तुकडा टाकून निघून जाई. आठवड्याला वीतभर अंतर कमी. माणूस जवळ आला की घास जात नाही, उलट येतो, हे त्याला कळायला दोन महिने लागले. पावलोव्हची घंटा सेमिनरीत मानसशास्त्राच्या तासाला शिकलो होतो. ती चालताना प्रथमच पाहिली. जाळीचे मुसके आणले, त्यात दही माखून ठेवले, आणि रॉकी आपणहून त्यात तोंड घालू लागला. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये असे मोशेने सांगितले आहे. येथे मोशेने मुभा दिली असती असे मला वाटते.

बाई एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. जन्मानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते ते त्याला जगाचे वाटते. ज्या पिल्लाने त्या दिवसांत माणसांचा प्रेमळ हात पाहिला नाही, त्याला तो पुढे उशिरा आणि अर्धाच शिकवता येतो. शिकलेली भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवे काही लिहिले जाते. दुखणे, पाहुणे, दिवाळीचे फटाके एकत्र आले की खालची अक्षरे वर येतात. "बरा झाला असे कोणाला सांगू नका," त्या म्हणाल्या. "काय केले की तो चावत नाही, ते सांगा."

सात महिन्यांत रॉकी पुन्हा चावला नाही. पण नऊ वर्षांच्या मुलाचे मित्र येतात, दार उघडे राहते, आणि आजींचा हात त्याच्याजवळून जाताना अजून थरथरे. त्या घराला तो पेलणारा नव्हता हे गृहस्थांनी जड मनाने मान्य केले. त्यांनी एक कागद लिहिला. कोणत्या महिन्यात, कोणाला, कशामुळे, किती खोल. आधीच्या घरी झालेले दोन प्रसंग. केरसुणी, ताटली, वाकून येणारा हात. मुसके केव्हा घालायचे. लहान मुले घरात असतील तर देणार नाही, आणि जमले नाही तर दुसऱ्या कोणाला न देता आमच्याकडेच परत आणा. हा कागद त्यांनी मला वाचायला दिला. मी एकच दुरुस्ती सुचवली: 'किंचित चावला' मधील 'किंचित' काढा.

वाड्याच्या चुलतभावांनी कागद वाचून नकार दिला. नंतर आणखी दोन घरांनी. त्यांचे काहीच चुकले नाही. मी मात्र त्या आठवड्यांत मिस्सेच्या वेळी एका कुत्र्यासाठी प्रार्थना करीत असे, आणि त्याची लाज वाटून घेण्याचे मी सोडून दिले होते.

अखेरीस आमच्याच धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक दांपत्य पुढे आले. वाडीत घर, भोवती कुंपण, मुले परदेशी. सरांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, तारखांवर बोट ठेवून प्रश्न विचारले, मग बाईंना म्हणाले, "केरसुणी आता तू सकाळी तो अंगणात असताना मारायची." त्यांनी कागदाखाली सही केली आणि तो कपाटात ठेवला.

गेल्या डिसेंबरात घरे आशीर्वादित करीत मी त्यांच्या वाडीत गेलो. पडवीत रॉकी बसला होता, तोंडाला मुसके, गळ्यातला पट्टा सरांच्या हातात. माझा पांढरा झगा आणि हातातील पवित्र पाणी शिंपडण्याची काडी पाहताच त्याने मान वळवली, ओठ चाटले आणि घशातल्या घशात गुरगुरला. "फादर, तिथेच थांबा," सर म्हणाले. मी काडी खाली केली, पायरीवर उभा राहिलो आणि तिथूनच प्रार्थना म्हटली.